गड रोज दिसतो, ग्रंथ दिसत नाहीत

पैगंबर मुहम्मद यांचे निधन इ.स. ६३२ मधले. त्यानंतर जेमतेम चार वर्षांत ठाण्याचे नाव मदिनेपर्यंत पोचले होते. बहरीन-ओमानच्या अरब सुभेदाराने ठाण्यावर गलबते धाडली. खलिफा उमर यांना ते मुळीच रुचले नाही. माणसे समुद्राच्या हवाली केल्याबद्दल त्यांनी सुभेदाराची कडक कानउघाडणी केली. नवव्या शतकातला इतिहासकार बलाजुरी याने ही हकिगत नोंदवली आहे. ठाण्याची इस्लामशी ओळख दिल्लीच्या सुलतानांहून साडेपाचशे वर्षांनी जुनी, आणि ती समुद्रमार्गे झालेली.

पुढचा प्रसंग रक्तरंजित आहे. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक ठाण्याला उतरले आणि इथल्या एका ख्रिस्ती कुटुंबाकडे राहिले. त्या घरात नवरा-बायकोचे भांडण झाले, प्रकरण काजीपुढे गेले, साक्षीला पाहुण्यांना बोलावले. साक्ष बाजूलाच राहिली. येशू कोण आणि मुहम्मद कोण, असा वाद पेटला आणि चौघेही मारले गेले. पुढे ओडोरिक नावाचा इटालियन प्रवासी ठाण्याला आला व त्यांची हाडे गोळा करून थेट चीनपर्यंत घेऊन गेला. दिल्लीच्या सुलतानाने ह्या हत्येबद्दल ठाण्याच्या अधिकाऱ्याला देहदंड दिला, असेही तो लिहितो. त्याची बाजू एकतर्फी आहे हे लक्षात ठेवूनच ते वाचावे; पण प्रेषितत्वावरचा वाद ठाण्याच्या भर चौकात जिवावर बेतला होता, एवढे खरे.

वादाचे मूळ समजून घेण्यासारखे आहे. कुराणात पंचवीस प्रेषितांची नावे येतात. इब्राहिम, मुसा, दाऊद आणि ईसा, म्हणजे येशूही त्यांत आहेत. ईसांना इस्लाम आदराने प्रेषित मानतो, देवाचा पुत्र मानत नाही. इ.स. ६१० च्या सुमारास हिरा गुहेत सुरू झालेले कुराणाचे अवतरण सुमारे तेवीस वर्षे चालले आणि मुहम्मदांबरोबर नबुव्वत, म्हणजे प्रेषितपद, संपले, ही मुसलमानांची श्रद्धा. नवा नबी नाही, नवा ग्रंथ नाही. मग सामान्य माणसाने ईश्वराच्या जवळ जायचे कसे? सूफींचे उत्तर असे की नबुव्वतीचे दार मिटले, विलायतीचे उघडे आहे. नबी पुन्हा येणार नाही; वली, म्हणजे अल्लाचा सखा, कुठल्याही काळात असू शकतो. पीर (गुरू), मुरीद (शिष्य), जिक्र (नामस्मरण), तरीका (साधनेचा मार्ग) हे सगळे त्या उघड्या दारातून आले. दर्गेही तिथूनच.

कल्याण-डोंबिवलीकरांना असे एक दार, म्हणजे मलंगगड, खिडकीतून दिसते. हाजी अब्दुल रहमान, म्हणजे हाजी मलंगबाबा, येमेनहून इथे आले अशी परंपरा सांगते. दुसरी परंपरा तिथे मच्छिंद्रनाथांची समाधी मानते. माघी पौर्णिमेला गडावर दोन्हींची गर्दी असते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमधली कथा अशी: १७८० मध्ये इंग्रजांनी कल्याण घेतले, १७८२ मध्ये ते गेले, हा बाबांचाच प्रताप मानला गेला आणि पेशव्यांकडून मोती जडवलेली जरीची चादर आली. ती घेऊन गेले काशिनाथपंत केतकर, कल्याणचे ब्राह्मण. दर्ग्याची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली. १८१७ मध्ये मुसलमानांनी त्याला हरकत घेतली, तेव्हा बाबांची इच्छा जाणण्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा कौल केतकरांच्या प्रतिनिधीला! पुढे मामला न्यायालयात गेला आणि १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. १९८० च्या दशकापासून त्याला राजकारणाचे रूप आले. गड कोणाचा, यावर ह्या जिल्ह्यात भरपूर बोलून झाले. मलंगांची वाट काय होती, हे विचारणारे मात्र फारसे कोणी भेटत नाही.

ती वाट शोधायची तर माहीमला जावे लागते. साष्टीला लागून असलेल्या त्या बेटावर मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) राहत. नवायत समाजातले, कोकणचेच. आज त्यांची ख्याती उरुसाची आणि मुंबई पोलिसांच्या संदलची. त्यांनी लिहिलेल्या ग्रंथांकडे सहसा कोणी वळत नाही. ‘तबसीर अल-रहमान’ हे त्यांचे अरबीतले कुराणभाष्य एकोणिसाव्या शतकात कैरोत छापले गेले. कुराणातल्या ११४ सूरांपैकी एक वगळता सगळ्यांचा आरंभ ‘बिस्मिल्ला’ने होतो. माहिमींनी त्या एकाच आरंभाचा अर्थ प्रत्येक सूरेच्या आशयानुसार निराळा उलगडला. सूफी विचारवंत इब्न अरबी यांच्या ‘फुसूस अल-हिकम’वरही त्यांची टीका आहे. त्या ग्रंथाची सत्तावीस प्रकरणे आदमपासून मुहम्मदांपर्यंत एकेका प्रेषिताच्या नावाने आहेत आणि एकेकाच्या अंगी प्रकटलेले ज्ञान त्यांत उकलले आहे. प्रेषित, ग्रंथ आणि अंतरीची वाट हे तिन्ही एका कोकणी माणसाच्या लेखणीत एकत्र आले, तेही सहाशे वर्षांपूर्वी. इतक्या जवळच्या माणसाविषयी इतके अज्ञान बरे नव्हे.

मराठीची पाटी कोरी नाही. ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी आणि वारकरी दोघांनाही आपले वाटतात. सेतुमाधवराव पगडींचे ‘सूफी संप्रदाय’, रा. चिं. ढेरे यांचे ‘मुसलमान मराठी संतकवी’ आणि साने गुरुजींचे ‘इस्लामी संस्कृती’ हे पैगंबरचरित्र अभ्यासूंना ठाऊक आहेत. कोकणातल्या गागोद्याचे विनोबा अरबी शिकले, मूळ कुराण वाचले आणि त्यांनी ‘कुराण-सार’ काढले.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. २०१७ चे साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले. वाचकांची उणीव ह्या पट्ट्यात नाही. मुंब्रा, भिवंडी, कल्याण इथे अरबी आणि मराठी दोन्ही जाणणारे कोणी असतील, तर त्यांनी माहिमींच्या भाष्यावर मराठीत एक दीर्घ लेख लिहावा. आमच्या पुढच्या दिवाळी अंकात त्यासाठी जागा राखून ठेवली आहे.