पिंजरा तुमचा, मग सुटलेला मासा कुणाचा?

धरणकाठच्या मच्छीमार बंधू-भगिनींनो, सहकारी संस्थांच्या संचालकांनो, आणि खास करून पिंजरेमालकांनो,

19 ऑगस्ट 2017 रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, सायप्रेस बेटाजवळ, कुक अ‍ॅक्वाकल्चर कंपनीचा सॅमनचा तरंगता पिंजरा मोडला. आत होते 3 लाख 5 हजार मासे. कंपनी म्हणाली, चार-पाच हजार सुटले असतील. आणि पिंजरा का मोडला? तर ग्रहणाच्या मोठ्या भरतीमुळे! सूर्यग्रहण होतं 21 तारखेला. सरकारी चौकशीत खरं कारण निघालं: जाळी वेळेवर साफच केली नव्हती. तिच्यावर शिंपल्यांचा आणि इतर जीवांचा सुमारे 110 टन थर चढला होता. आरपार जाणारं पाणी अडलं, ताण आला, पिंजरा कोलमडला. सुटलेले मासे निघाले 2 लाख 43 हजार ते 2 लाख 63 हजार. लम्मी आदिवासींनी होड्या काढून जमेल तेवढे धरले, तरी काही महिन्यांनी स्कॅजिट नदीत ते सापडतच होते. पुढच्याच वर्षी त्या राज्यानं समुद्रातल्या पिंजऱ्यांत परका मासा पाळणं बंद करण्याचा कायदा केला.

तिथे निदान खोटा आकडा पकडला गेला. आपल्याकडे आकडा विचारणार कोण?

परका मासा एकदा पाण्यात शिरला की काय होतं, हे उजनी धरणावर जाळं टाकणाऱ्याला सांगायला नको. चिलापी, म्हणजे तिलापिया, देशात आणली 1952 साली. मादी अंडी नि पिल्लं तोंडात सांभाळते, म्हणून पिल्लं जगतात. वर्षातून अनेकदा वीण होते. आज जाळं ओढलं की चिलापीच चिलापी. आफ्रिकन मांगूरवर 2000 साली बंदी आली, तरी चोरून पाळणारे आहेतच. तळं ओढ्याकाठी, पावसाळ्यात बांधावरून पाणी गेलं की मांगूर थेट नदीत. त्याची तक्रार कुणाविरुद्ध करायची?

आता म्हणे पिंजऱ्यांतले गिफ्ट वाणाचे तिलापिया ‘सगळे नरच’ असतात, सुटले तरी बिघडत नाही. बोटुकली पुरवणाऱ्यानं शंभरातला शंभरावा मासाही नरच निघेल, असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं. देणार नाही. चार माद्या निसटल्या की पुरे.

आम्ही पिंजऱ्यांच्या विरोधात नाही. पोट त्यावरही भरतं. पण पिंजऱ्याला प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून 40 ते 60 टक्के अनुदान मिळतं. म्हणजे जाळीत आमचाही पैसा आहे. मग हिशेब आम्हालाही हवा. किती बोटुकली सोडली, किती मेली, किती विकली, हे संस्थेच्या वहीत लिहा. बेरीज जुळली नाही की समजायचं, मासा पाण्यात गेला. बीज घेताना बीज केंद्राच्या पावतीसोबत प्रत्येक खेपेतल्या काही माशांच्या परांचे तुकडे स्पिरिटमध्ये घालून मत्स्य विभागाकडे जमा करा. उद्या नदीत मासा सापडला तर डीएनए जुळवून तो कुठल्या बीजाचा, हे सांगता येतं. नॉर्वेत मासा सुटला की लगेच कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि सुटलेला मासा कुणाचा हे अशाच तपासणीनं शोधतात. बाटलीभर स्पिरिटला काही लाख लागत नाहीत.

आणि पकडायचा खर्च मालकाचा. फेब्रुवारी 2025 मध्ये नॉर्वेत मोवी कंपनीचे सुमारे 27 हजार सॅमन सुटले, तेव्हा पकडून आणणाऱ्याला कंपनीनं माशामागे 500 क्रोनर देऊ केले. इथे मात्र सुटलेला मासा आपल्याच जाळ्यात येतो, आपणच तो पडेल भावात विकतो, आणि मालक पुन्हा नवं बीज सोडतो.

पाणी उतरलं की दोर ढिले पडतात, पूर आला की तेच ताणतात. कासव आणि खेकडा जाळीला भोक पाडतात, आणि ते भोक हाताएवढं होईपर्यंत कुणी बघत नाही. म्हणून पावसाळ्याआधी जाळी बाहेर काढून तपासायची, नोंद सही-शिक्क्यासह, संस्थेच्या माणसासमोर.

येत्या ग्रामसभेत आणि संस्थेच्या सभेत हे विचारा: गेल्या वर्षी आपल्या जलाशयातल्या पिंजऱ्यांत किती मासे सोडले, किती काढले, उरलेले कुठे गेले? उत्तर तोंडी देतील, ते घेऊ नका. लेखी मागा, तारीख टाकून.