एकट्याची सफर, दोघांचें भाडें

सुटीचे दिवस जवळ आले कीं यात्रा-कंपन्यांचीं सचित्र पत्रकें घरोघरीं येऊं लागतात. पूर्वीं तीं टपालानें येत, आतां मोबाईलवर येतात, एवढाच काय तो फरक. बर्फाचीं शिखरें, सरोवरांतील नौका, हंसतमुख जोडपीं, आणि त्यांच्या खालीं ठळक अक्षरांत छापलेली दरमाणशीं रक्कम. ह्या रकमेच्या पायाशीं बारीक अक्षरांत एक ओळ असते: हा दर दोघांनीं एक खोली घेतल्यास लागू. बारा माणसांच्या घरांत ती ओळ कोणी वाचीत नाहीं. वाचण्याचें कारणच पडत नाहीं. दादा-वहिनींची एक खोली, आई-नानांची एक, मुलांना एक आणि आजीजवळ धाकटी नात, असा हिशेब जेवणाच्या पंक्तींतच जुळून जातो. ती ओळ प्रथम दिसते ती घरांतल्या आत्याबाईंना, लग्न न केलेल्या काकांना, किंवा नोकरीनिमित्त बंगलोरास एकटी राहणाऱ्या मुलीला. आज आम्ही ह्या ओळीविषयींच चार शब्द लिहिणार आहों.

एकटा जीव सदाशिव, अशी म्हण आपल्यांत आहे. एकट्याला काय कमी, उचलली पिशवी आणि निघाला, असा तिचा भाव. ही म्हण ज्यानें केली त्यानें हॉटेलाचें बिल कधीं भरलेलें नसावें. आपण हिशेबच मांडूं. समजा, सहा रात्रींचा प्रवास आहे. खोलीचें भाडें रोजचे ३,००० रुपये, म्हणजे १८,०००. फिरण्यासाठीं केलेल्या मोटारीचे १२,०००. आगगाडीचें जाण्यायेण्याचें तिकीट माणशीं २,००० आणि जेवणखाण माणशीं ३,०००. नवराबायको किंवा दोघी बहिणी गेल्या तर एकूण खर्च ४०,०००, माणशीं २०,००० पडले. तोच प्रवास, त्याच खोलींत राहून व त्याच मोटारींतून फिरून एकट्यानें केला तर ३५,००० लागतात. म्हणजे पावणेदोनपट! वांचलें काय, तर एक तिकीट आणि एका माणसाचें जेवण. बाकीचें सारें जसेंच्या तसें.

ह्यांत हॉटेलवाल्याची लबाडी आहे असें आम्हांस वाटत नाहीं. तो खाट विकत नाहीं, खोली विकतो. चादरी बदलणें, झाडलोट, दिवाबत्ती, दारावरचा माणूस, हा खर्च आंत एक निजला काय आणि दोन निजले काय, जवळजवळ तेवढाच. सरकारचा करही खोलीवरच बसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजच्या ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के वस्तु व सेवा कर आहे, त्याहून महाग खोलीवर १८ टक्के. आंत किती माणसें आहेत हें कर विचारीत नाहीं. यात्रा-कंपनी ह्या खोलीच्या भाड्याचे दोन भाग करते आणि एकेक भाग दरमाणशीं रकमेंत घालते. दुसरें माणूस नसलें म्हणजे उरलेला अर्धा भाग जाणार कोठें? तो ‘सिंगल सप्लिमेंट’ असें गोंडस नांव धारण करून एकट्याच्याच पदरीं येतो. रेल्वेच्या आय. आर. सी. टी. सी. ह्या संस्थेच्या सहलींचीं दरपत्रकें पाहावीं. त्यांत एकटा, दोघे, तिघे असे रकाने सरळ मांडलेले असतात, आणि एकट्याच्या रकान्यांतला आंकडा सर्वांत मोठा. आंकडा बोंचतो खरा, पण तो उघड आहे, हें आम्हांस आवडलें.

खोलीपेक्षां वाहनाचें दुखणें अधिक. लेहला टॅक्सीचे दर गाडीवर ठरलेले असतात, माणसांवर नाहींत. श्रीनगरच्या दल सरोवरांतला शिकारा सबंध नावेचा म्हणून करावयाचा. आपल्याकडे ताडोबाच्या जंगलांत सहा प्रवाशांना नेणारी जिप्सी एकट्यानें केली तरी गाडीचे व वाटाड्याचे पैसे पुरते मोजावे लागतात. वाघ दिसलाच तर तो एकाला आणि सहांना सारखाच दिसतो. न दिसला तर एकट्याच्या खिशाला लागलेली चाट मात्र सहापटीच्या घरांत जाते! शेजारच्या भूतानांत तर प्रत्यक्ष सरकारनेंच एकटेपणावर पट्टी बसविली होती. तेथें जाणाऱ्या बहुतेक परदेशीयांना किमान दैनिक दर भरावा लागे, आणि त्यावर एकट्या प्रवाशास दर रात्रीं ४० डॉलर, दोघेच असल्यास माणशीं ३० डॉलर जादा द्यावे लागत. भारतीयांना हा नियम नव्हता. २०२२ सालीं ती सारी पद्धतच बदलली.

ह्या सर्वांत न्यायानें वागते ती आगगाडी. ती माणूस मोजते, जोडपें मोजीत नाहीं. पहिल्या वर्गाच्या वातानुकूलित डब्यांत दोघांचें कूपे असतें, तरी एकट्यानें आपल्या एकाच बर्थाचे पैसे भरावे. समोर कोण येऊन निजेल तें रेल्वे ठरवील. एस. टी.चेंही तसेंच. १ जून १९४८ रोजीं पुण्याहून अहमदनगरास (आतांच्या अहिल्यानगरास) पहिली एस. टी. गेली, तेव्हांपासून ती आसनाचे पैसे घेत आली आहे. राज्यांतल्या प्रवासांत ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी उलटलेल्यांना तिकीटच नाहीं, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना निम्मेंच आहे. म्हणजे आत्याबाईंचा प्रवास गांवाच्या वेशीपर्यंत स्वस्त. महागाई सुरू होते ती बिऱ्हाडाचें दार उघडतांना.

संघानें गेलें कीं स्वस्त पडतें हें गणित अर्थात् जुनें आहे. ५ जुलै १८४१ रोजीं टॉमस कुक ह्यानें मद्यपाननिषेधाच्या सभेसाठीं सुमारें पांचशें माणसें लेस्टरहून लफबरोस एका शिलिंगांत आगगाडीनें नेलीं, आणि त्यांतूनच पुढें त्याचा सहलींचा धंदा उभा राहिला. आपल्याकडे काशीयात्रा संघानेंच होत. विष्णुभट गोडसे १८५७ सालीं वरसईहून उत्तरेकडे निघाले, त्यांच्याबरोबरही काका रामभट होते. त्या काळीं एकट्यानें जाणें म्हणजे चोरांच्या किंवा पटकीच्या हातीं जीव देणें. आज तें भय बहुतांशीं सरलें आहे, तरी किंमत अजून सोबत गृहीत धरूनच ठरते.

पैशाचें एक वेळ सोसवेल. परंतु पुष्कळ तीर्थक्षेत्रांच्या भक्तनिवासांत, व कांहीं हॉटेलांतही, एकट्या माणसास खोलीच देत नाहींत. कारण कोणी उघड बोलत नाहीं, पण सर्वांस ठाऊक असतें. एकटा माणूस दार लावून जिवाचें बरेंवाईट करील, ही धास्ती. तसें घडलेलें आहे, म्हणून व्यवस्थापकाची धास्ती अगदींच खोटी असें म्हणवत नाहीं. तरी पण सत्तरीच्या विधुर गृहस्थानें पत्नीनें बोललेला नवस फेडण्यास जावें, आणि खिडकीपाशीं ‘बरोबर कोणी नाहीं? मग सार्वजनिक दालनांत पथारी टाका’ हें ऐकावें, ह्यांतलें शल्य नियमाच्या कागदावर उमटत नाहीं. ओळखपत्र घ्यावें, घरचा दूरध्वनि क्रमांक घ्यावा, वाटल्यास घरीं विचारावें. इतकें करूनही खोली देणें अशक्य कां असावें, तें आम्हांस समजलेलें नाहीं. स्त्री एकटी असली तर प्रश्न निराळे. ‘मिस्टर मागून येताहेत का?’ हा पहिला. नाहीं म्हटल्यावर चौकशी करणाराच्या चेहऱ्यावर जो बदल होतो, तो ज्या भगिनींनीं पाहिला आहे त्यांना त्याचें वर्णन नको.

बारीकसारीक अडचणी किती सांगाव्या! स्टेशनावर सामान कोणाच्या हवालीं करून स्वच्छतागृहांत जावें? उपाहारगृहांत भाजीची एक वाटी मागवावी तर ती दोघांना पुरेल एवढी. दुसरी चाखावयाची म्हटली तर पहिली टाकावी लागणार. सूर्यास्त पाहिला तर ‘अहा!’ म्हणावें कोणाला? अर्थात्, न बोलतां सूर्यास्त पाहतां येणें हाच एकट्या प्रवासाचा मोठा लाभ आहे असें म्हणणारेही आम्हांस भेटले आहेत, आणि बोलक्या मंडळींसमवेत दोनतीन सहली केल्यावर त्यांचें म्हणणें आम्हांस पटूं लागलें आहे.

आमच्या दृष्टीनें खरा प्रश्न घरांतला आहे. एकत्र कुटुंबांत सहलीचे पैसे बहुधा एकाच थैलींतून जातात. तेथें आत्याबाईंच्या खोलीचा प्रश्न निघाला कीं तोडगे सुचूं लागतात. मुलांच्या खोलींत एक जादा गादी घालूं. तिसऱ्या माणसाला दर कमी पडतो. नाहींतर घर कोणीतरी सांभाळावयास हवेंच आहे. नाहींतर पुढच्या वर्षीं पाहूं. तोंवर आत्याबाई स्वतःच म्हणतात, ‘मला मेलीला कशाला हवी वेगळी खोली?’ आणि हें वाक्य सर्वजण मोठ्या आनंदानें खरें मानतात. वस्तुतः ज्या बाईचा जन्म दुसऱ्यांच्या खोल्यांतून पथारी पसरण्यांत गेला, तिला सहा रात्रीं आंतून कडी लावून निजावयास मिळणें, हीच कदाचित् तिची सहल असेल. समोर शिखर असो वा नसो.

म्हणून आमचें मत असें, कीं एकट्या माणसाची जादा रक्कम त्याच्या नांवावर न मांडतां सहलीच्या एकंदर खर्चांत मिळवावी. लाख-दीड लाखांच्या बेतांत आठ-दहा हजारांचा आंकडा तेवढा पंक्तींत मोठ्यानें वाचून दाखवूं नये. आणि आत्याबाईंना निवृत्तिवेतन असून त्या स्वतःचेच पैसे खर्चणार असतील, तर ‘एवढे कशाला घालवतेस’ असें विचारण्याचा अधिकार कोणासही पोंचत नाहीं. दादांनीं नवी मोटार घेतली तेव्हां कोणी विचारलें होतें?

‘कोणाला तरी सोबत ने’ हा सल्लाही सर्वांच्या जिभेवर असतो. सोबत मिळाली तर उत्तमच. पण केवळ भाडें विभागण्यासाठीं घेतलेली सोबत फार महाग पडूं शकते. यात्रा-कंपन्या अनोळखी पण समलिंगी प्रवाशाबरोबर खोली वांटून देतात. त्यांत जन्माच्या मैत्रिणी झाल्याचीं उदाहरणें आहेत, आणि तिसऱ्या रात्रीं घोरण्यावरून अबोला धरल्याचींही आहेत. ज्यांची झोंप सावध आहे त्यांनीं हा प्रयोग लांबच्या सहलींत करूं नये.

अन्य देशांत ह्याचा कांहीं विचार झालेला दिसतो. २०१० सालीं प्रवासास निघालेल्या ‘नॉर्वेजियन एपिक’ ह्या जहाजावर एकट्यांसाठीं म्हणून १२८ लहान खोल्या बांधलेल्या आहेत. जपानांतील शहरांत एकट्यापुरत्या आटोपशीर खोल्यांचीं हॉटेलें जागोजाग असतात, आणि एकट्या पाहुण्यास ‘ओहितोरिसामा’ ह्या आदरार्थी शब्दानें संबोधतात. शब्द गोड, तरी तेथील जुन्या धर्तीचीं कांहीं विश्रामगृहें ऐन सुटींत एकट्यास जागा नाकारतातच. आपल्याकडेही दक्षिणेंतील जुन्या लॉजांत एका खाटेच्या खोल्या मिळतात, आणि तरुणांच्या हॉस्टेलांत एकेक खाट भाड्यानें मिळते. सत्तरीच्या माणसास वरच्या खाटेची शिडी मानवेल असें मात्र नाहीं.

जे एकटे निघणार असतील त्यांनीं गांवें थोडीं करावीं व एकाच ठिकाणीं मुक्काम वाढवावा. मोटारीचा खर्च तेथेंच उतरतो. ऐन हंगाम टाळावा, कारण हंगामाबाहेर रिकामी खोली हॉटेलवाल्यालाही खुपत असते आणि तेव्हां तो एकट्याशींही बोलावयास तयार होतो. कंपनीबरोबर जावयाचें असल्यास खोली वांटून घेणारा जोडीदार ऐनवेळीं गळाला तर फरकाची रक्कम कोणी भरावयाची, हें पैसे देण्यापूर्वीं विचारावें आणि उत्तर लेखी घ्यावें. कचेरींत गोड बोलणारे गृहस्थ मनालीस बरोबर येत नाहींत.