चाकावरचा छज्जा आणि कलम ५२

१९९३ साली मारुतीने जिप्सीच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर ९० मिलिमीटरने वाढवले. चाके मूळ पत्र्याच्या बाहेर डोकावू लागली, म्हणून कारखान्याने प्रत्येक चाकावर बाहेर झुकलेली एकेक कडा बसवली. 'वाइड ट्रॅक' जिप्सी जाणकार आजही या कडांवरूनच ओळखतात. या कडेला 'फेंडर फ्लेअर' म्हणतात. आपण तिला चाकावरचा छज्जा म्हणू. कारखान्याने केले ते शहाणपण; तेच मालकाने केले तर गुन्हा का, एवढाच आजचा प्रश्न आहे आणि तो वाटतो तितका किरकोळ नाही.

२०२० च्या गांधी जयंतीला नवी थार आली आणि डोंगर-चिखलात गाड्या घालण्याचा छंद मध्यमवर्गीय घरांत शिरला. जुन्या जीप आणि जिप्सी पुन्हा गॅरेजबाहेर निघाल्या. स्प्रिंगा बदलून गाडी दोन-तीन इंच उचलायची, रुंद टायर चढवायचे, हा त्यातला पहिला संस्कार. टायर बाहेर आला की तो चिखल आणि खडी उडवतो. स्वतःच्या दारावर, आणि घाटात मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावरही. गाडी उचलणे हा शौक असेल, पण छज्जा हे त्या शौकाचे प्रायश्चित्त आहे. लोक त्याला नट्टापट्टा समजतात, हे चूक.

हे काम मी एका लहान गॅरेजात दोन दुपारी बसून पाहिले. (निवृत्त माणसाला आणि कादंबरीकाराला अशा ठिकाणी बसायला कारण लागत नाही.) मिस्त्रीने पहिला तासभर ड्रिल मशीनला हातच लावला नाही. एक चाक ओट्यावर चढवून स्प्रिंग पूर्ण दबू दिली, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवले, टायर कुठे घासतो ते खडूने टिपले. मग छज्जा चिकटपट्टीने धरून खुणा केल्या. भोके पाडायला पाच-दहा मिनिटे लागली असतील; बाकी वेळ त्या भोकांच्या धारा घासण्यात, प्रायमरचे हात देण्यात आणि ते वाळण्यात गेला. उघडा पत्रा कोकणातल्या एका पावसाळ्यात सडू लागतो, हे त्याला मी सांगावे लागत नव्हते. मधे रबराची पट्टी, वर न गंजणारे बोल्ट, आणि तेही बेताने आवळलेले, कारण उन्हात प्लास्टिक फुगते. दुसरा, स्वस्त मार्ग म्हणजे दुहेरी चिकटपट्टी. तपासणीच्या आधी झटकन काढता येते म्हणून काहींना ती सोयीची वाटते. मात्र हीच कडा कधी भर वेगात सुटून मागच्याच्या अंगावर जाते.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सन २००० च्या दुरुस्तीने कडक झाले: उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ ला, केरळमधून आलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या कलमावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२अ हे कलम बदलले आणि मालकाने केलेल्या बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. पण कलम ५२ च्याच स्पष्टीकरणात म्हटले आहे की 'बदल' म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचे मूलभूत वैशिष्ट्य बदलते. गाडी उचलणे आणि भलते टायर चढवणे याबद्दल बदल म्हणून बोट दाखवता येईल. बोल्टने लावलेल्या प्लास्टिकच्या कडेने कोणते मूलभूत वैशिष्ट्य बदलते? याचे उत्तर चौकातल्या हवालदाराच्या मर्जीवर सोडलेले आहे.

गंमत अशी की विम्याच्या अर्जात 'नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज' असा रकाना असतो. तिथे छज्ज्याची किंमत लिहा, ती गाडीच्या विमा रकमेत मिळवून हप्ता घेतला जातो. एक खिडकी पैसे घेते, दुसरी पावती फाडते. बँकेत पस्तीस वर्षे काढल्यावर अशा खिडक्यांचे मला नवल वाटत नाही, चीड मात्र येते.

जर्मनीत चाके झाकलेली असणे हेच नियमात आहे, आणि बदल तपासून कागदपत्रांत नोंदवून घेण्याची रीत आहे. आपल्याकडेही सीएनजी किट असेच बसते: पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेले किट, मग आरसीवर नोंद. स्फोटक वायूची टाकी डिकीत बसवायला रीत आहे आणि प्लास्टिकच्या कडेला नाही, हे तर्काला धरून नाही. टायर किती बाहेर चालेल आणि तो कसा झाकावा, एवढे ठरवले तरी पुरे.

याची किंमत शौकीन मालक फारशी देत नाही. तो दंड भरतो आणि फोटो काढतो. किंमत मिस्त्री देतो. काम संशयास्पद, म्हणून गिऱ्हाईक पक्के बिल मागत नाही आणि तोही देत नाही. बिल नाही म्हणून उलाढाल कागदावर नाही, आणि उलाढाल नाही म्हणून कर्जाचा अर्ज पहिल्याच टेबलावर थांबतो. मी त्या टेबलामागे बसलो आहे, तिथला माणूस काय विचारणार हे मला पाठ आहे. या मिस्त्रीला मुद्रा योजनेतून गाडी उचलायची हायड्रॉलिक लिफ्ट घ्यायची होती. त्याने वर्षभराचा हिशेब वहीत लिहून नेला, तारीखवार, सुबक अक्षरात. ती वही शाखेने परत केली. सध्या तो जॅक आणि लाकडी ठोकळ्यांवर गाडी टेकवून तिच्याखाली झोपून काम करतो.