वसंत आपल्या अंगणातला

फाल्गुन उतरणीला लागला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. बाहेर पळस पेटतो आणि घरात परीक्षा. टीव्हीचा रिमोट आईच्या कपाटात जातो, अंगणात खेळणारी पोरं आत ओढली जातात आणि वर्षातला सगळ्यात देखणा महिना प्रश्नसंचांच्या ढिगाखाली निघून जातो.

पण मैत्रिणींनो, माझ्या ओळखीत बारामतीत आणि इंदापुरात अशी दोन-तीन घरं आहेत, जिथे ही धावपळ नाही. तिथली मुलं शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. होमस्कूलिंग म्हणतात ते हेच. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळ्याच घरच्या मास्तरीण झालो होतो. बहुतेकींनी शाळा उघडल्यावर सुटकेचा निःश्वास टाकला. एखाद-दुसरीने मात्र ते पुढेही चालू ठेवलं. "पोरगी घरीच का हो? काही दुखतंखुपतं का?" असे प्रश्न लग्नकार्यात झेलत त्या ठाम राहिल्या आहेत. कायद्याचं विचाराल तर शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात घरी शिकण्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. पुढे दहावीला मुक्त विद्यालयाची, म्हणजे एनआयओएसची परीक्षा देता येते. त्यासाठी चौदा वर्षं पूर्ण लागतात. एवढं माहीत असलं की निम्मी काळजी मिटते.

माझी काळजी वेगळी आहे. अशाच एका घरी गेले होते. भिंतीवर मुलीने रंगवलेले 'वसंत ऋतूचे उपक्रम' लावले होते. वितळणारा बर्फ, ससे, ट्यूलिपची फुलं. इंटरनेटवरून छापून घेतलेले कागद. रंग अगदी रेषेच्या आत. आणि त्याच घराच्या खिडकीबाहेर पिंपळाला नुकती तांबूस पालवी फुटली होती, वाऱ्यावर नुसती चमकत होती. शाळेच्या चार भिंतींतून मूल बाहेर काढलं आणि परक्या देशाच्या कागदात कोंडलं, तर मिळवलं काय?

आपला वसंत बर्फातून येत नाही, उन्हातून येतो. पुस्तकात पानगळ एका पानावर असते आणि पालवी पुढच्या पानावर. आपल्याकडे दोन्ही एकाच झाडावर, एकाच आठवड्यात. कडुनिंबाखाली सकाळी झाडावं तर दुपारी पुन्हा पिवळ्या पानांचा सडा, आणि वर बघावं तर पाडव्यासाठी कोवळा पाला तयार! मुलाला पिंपळाच्या एका फांदीला रंगीत दोरा बांधायला सांगा. रोज सकाळी तीच फांदी बघायची आणि वहीत रंगवायची. तांबूस, मग पोपटी, मग हिरवी. कोवळ्या पानात हरितद्रव्य कमी आणि लाल रंगद्रव्य जास्त असतं, हे तुम्ही नंतर सांगा. आधी त्याला 'असं का?' विचारू दे.

'पळसाला पाने तीनच' ही म्हण तर पोराकडूनच तपासून घ्यावी. देठाला तीन दिसतात, पण वनस्पतिशास्त्र म्हणतं ते एकच पान, तीन पर्णिकांचं. मग पांगाऱ्याजवळ न्या. त्यालाही तीनच! फांदीवर काटे मात्र पांगाऱ्याला. दोन्ही एकाच कुळातले, आपल्या घेवड्याच्या आणि तुरीच्या. शेंगा आल्या की मुलाला ते आपोआप पटतं. खाली पडलेली पळसफुलं रात्रभर पाण्यात ठेवली की होळीचा रंगही घरचाच.

गणितासाठी मला सगळ्यात आवडतो तो काठीचा खेळ. खर्च शून्य. तीन फुटांची सरळ काठी अंगणात उभी रोवायची. २१ मार्चच्या सुमारास, दिवसरात्र सारखे असताना, भर दुपारची सावली मोजायची. आपल्या भागात ती जेमतेम एक फूट भरते. दर रविवारी पुन्हा मोजायची, तारीख घालून लिहायची. सावली आखडत जाते. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस असा येतो की ती काठीच्या पायाशी नाहीशी होते. बरं, ही 'भर दुपार' घड्याळात बाराला नसते, साडेबाराच्या आसपास असते. सगळ्या देशाचं घड्याळ एक, पण सूर्य पूर्वेकडच्यांना आधी भेटतो आणि आपल्याला अर्ध्या तासाने उशिरा. गुणोत्तर, भूगोल, खगोल सगळं एका काठीत आलं, आणि तेही पोराला शिकवल्याचा संशय न येता.

पाडव्यानंतर चैत्रगौरीच्या निमित्ताने चैत्रांगण, पन्हं, आंब्याची डाळ हे घराघरात असतंच. त्यात वेगळं काय शिकवायचं? मुलांना फक्त बाजूला बसवू नका, मापं त्यांच्या हातात द्या.

घराबाहेर पडायचं तर इंदापूरकरांना उजनीसारखी शाळा नाही. भिगवण, कुंभारगाव, डिकसळच्या पाणफुगवट्यावर या दिवसांत रोहित पक्षी असतात. चोच उलटी धरून चिखलपाणी गाळतात, आणि त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या खाण्यातून येतो. हे ऐकून माझ्याबरोबरची एक चिमुरडी गंभीरपणे म्हणाली, "मग मी बीट खाल्लं तर?" हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस याच सुमारास परतीला लागतात. घरी नकाशा काढून त्यांची वाट आखायला सांगा. मात्र नाववाल्याला पक्ष्यांच्या फार जवळ जायचा आग्रह करू नका. बारामतीकरांना सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य आहे. अवघं पाच चौरस किलोमीटरचं, पण चिंकारा दिसतो. तिथली पिवळी पडलेली गवताळ माळरानं आणि नीरा डाव्या कालव्याखालचा हिरवा ऊस एकाच दिवशी दाखवा. एकाच तालुक्यात दोन वसंत कसे, हे मूल स्वतःच विचारेल.

आणि पळसदेव विसरू नका. धरणाचं पाणी खूप खाली गेलं की पळसनाथाचं जुनं मंदिर पाण्यातून वर येतं. त्या वेळी गावातल्या एखाद्या आजींना भेटा. मूळ गाव कुठे होतं, घर सोडताना काय बरोबर घेतलं, काय तिथेच राहिलं, हे मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकू द्या. आपल्या नळाला येणाऱ्या पाण्याची, शेतातल्या उसाची किंमत कुणी दिली, ते त्यांना कळायला हवं.

उसावरून मुद्द्यावर येते. घरी शिकणाऱ्या मुलांच्या आया हमखास एक तक्रार करतात, "सोबत नाही हो! दिवसभर आम्ही दोघीच." मी त्यांना म्हणते, सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी, कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला लागा. कोप्यांच्या रांगा दिसतील. बीडकडून, मराठवाड्यातून दिवाळीच्या सुमारास आलेल्या टोळ्या. आई-बाप पहाटेच फडात. मागे आठ-नऊ वर्षांची मुलगी, कडेवर धाकटं भावंडं, चुलीवर भाताचं पातेलं. शाळेत न जाणारं मूल तेही आहे. फरक इतकाच की तुमच्या मुलीसाठी तुम्ही विचार करून ठरवलंत. तिच्यासाठी कुणीच काही ठरवलेलं नाही. काही मुलं गावी हंगामी वसतिगृहात राहतात, पूर्वी कारखान्यांवर साखरशाळाही चालत. तरीही कोप्यांवर मुलं आहेतच, कुणीही जाऊन पाहावं.

हे नवं काही सांगत नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांबरोबर हेच केलं. शंख, शिंपले, बिया, पानं, खडे हीच त्यांची शैक्षणिक साधनं. मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा! मोठ्या बहिणीला धाकट्याला सांभाळावं लागतं, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी आणली. आपण तेवढं सगळं करू असं नाही. पण आठवड्यातून दोन सकाळी, दहा ते बारा, काठी, दोरा आणि वही घेऊन एखाद्या वस्तीवर जाता येईल. तान्ह्यांसाठी एक चादर जास्त न्यायची, म्हणजे त्यांच्या ताया मोकळ्या होतात. आपल्या मुलांनाही तिथे शिकायला मिळतं. एका मोळीत किती ऊस, किती मोळ्यांची गाडी भरते, हे त्या पोरी बोटांवर सांगतात. आपल्या मुलांनी ते वहीत मांडावं, आणि मांडायचं कसं ते त्यांना दाखवावं. जाण्याआधी मुकादमाला आणि तिथल्या बायकांना भेटून सांगा. अनोळखी माणसं मुलांभोवती आलेली त्यांनाही आवडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

तिथे गेलात की आणखी एक विचारा. गावाकडच्या शाळेने शिक्षण हमी पत्रक दिलंय का? असेल तर मूल इथल्या जिल्हा परिषद शाळेत बसू शकतं. नसेल, दाखला नसेल, जन्मतारखेचा कागद नसेल, वर्ष संपत आलेलं असेल, तरीही शिक्षण हक्क कायद्याने प्रवेश नाकारता येत नाही. कोपीतल्या आईला एकटीने शाळेची पायरी चढायचा संकोच वाटतो, म्हणून तिच्याबरोबर जा. आणि हे पाडव्याच्या आधी करा, कारण एकदा कारखान्याचा पट्टा पडला की दोन दिवसांत कोप्या मोडतात.