इंटरनेटचे नियम वाचणारा माणूस आपल्या वऱ्हाडात पाहिजे

दोन तारखा आठवून पाहा. १३ नोव्हेंबर २०२१, अमरावती. १३ मे २०२३, अकोला. दोन्ही दिवशी शनिवार होता. दोन्ही शहरांत दंगल पेटली, जाळपोळ झाली. अकोल्यात तर एकाचा जीव गेला. आणि दोन्ही वेळा पाठोपाठ नेट बंद झालं.

त्यानंतर चौकाचौकात एकच चर्चा. सुरुवात कोणी केली, दगड कुठून आला, कोणत्या पक्षाचा माणूस होता. नेट कोणी बंद केलं, कोणत्या कायद्याखाली केलं, किती दिवसांसाठी केलं, हे विचारणारा माणूस मला तरी भेटला नाही. तेव्हा मीही विचारलं नव्हतं. आपण फक्त "नेट आलं का बे?" एवढंच विचारत होतो.

हे आज लिहायचं कारण वेगळंच आहे. परवा ओळखीतला एक पोरगा घरी आला. एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. म्हणाला, "काका, मले इंटरनेट पॉलिसीत काम करायचं हाय." त्याचे वडील बाजूलाच बसले होते. ते म्हणाले, "हे काय असते बाप्पा? कोर्टात उभा राह्य, नाहीतर एमपीएससी दे."

वडिलांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे हे काम करणारा माणूस कोणी पाहिलेलाच नाही. म्हणून सांगतो, हे काम काय असतं.

सरकार नियमाचा मसुदा काढते, ट्राय सल्लामसलतीचा कागद काढते. तो पानन्‌पान वाचायचा. कोणाचा फायदा, कोणाचं नुकसान, ते साध्या भाषेत लिहायचं. मुदतीत हरकती-सूचना पाठवायच्या. माहिती अधिकारात आदेशाच्या प्रती मागायच्या. कोणी वर्तमानपत्रात लिहितो, कोणी संस्थेत संशोधन करतो, कोणी कंपन्यांना सल्ला देतो. पुष्कळ जण हे सगळं थोडं थोडं करतात.

आता यातून काय झालं ते पाहा. २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. त्यानंतर श्रेया सिंघल नावाची एकवीस वर्षांची मुलगी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि मार्च २०१५ मध्ये आयटी कायद्याचं कलम ६६अ रद्द झालं. त्याच वर्षी नेट न्यूट्रॅलिटीचा वाद पेटला. निखिल पाहवा हा मूळचा पत्रकार, २००८ पासून 'मीडियानामा' चालवणारा. त्याच्यासारख्या काही लोकांनी ट्रायचा किचकट कागद लोकांना समजावून सांगितला आणि दहा लाखांच्या वर ईमेल ट्रायकडे गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रायने निर्णय दिला, की वेगवेगळ्या साइटसाठी डेटाचे वेगवेगळे दर लावता येणार नाहीत. फेसबुकने पानभर जाहिराती देऊनही त्यांची 'फ्री बेसिक्स' योजना आपल्या देशात बसली नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. अमरावती-अकोल्यात नेट बंद झालं तेव्हा त्यासाठी नियम होते २०१७ चे, आणि त्यांचा मूळ कायदा होता १८८५ चा तार कायदा. अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं १८९७ साली. टिळक तेव्हा राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते आणि स्वागताध्यक्ष होते आपले वकील दादासाहेब खापर्डे. हा कायदा त्या अधिवेशनाहून बारा वर्षांनी जुना! तारेसाठी केलेल्या कायद्यावर आपला मोबाईल बंद होत होता.

त्या नियमांतही काही अटी होत्या. आदेश राज्याच्या गृह सचिवाचा पाहिजे. त्यात कारणं पाहिजेत. आढावा समितीने कामकाजाच्या पाच दिवसांत तो तपासला पाहिजे. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी सांगितलं, की आदेश जाहीर करा, बंदी बेमुदत नको आणि गरजेपेक्षा जास्त नको. आदेश जाहीर झाला तरच त्याला न्यायालयात आव्हान देता येतं.

अमरावतीनंतर काही आठवड्यांतच, डिसेंबर २०२१ मध्ये, संसदेच्या स्थायी समितीचा अहवाल आला. देशात किती वेळा नेट बंद झालं याची नोंद ना दूरसंचार विभाग ठेवत होता, ना गृह मंत्रालय. आढावा समितीत सगळे सरकारी सचिवच असतात, त्यात निवृत्त न्यायाधीश आणि लोकांतले सदस्य घ्या, असंही समितीने सुचवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवे नियम आले. आदेश जाहीर करण्याची अट त्यात आली, पंधरा दिवसांची मर्यादा राहिली. पण आढावा समितीत अजूनही सचिवच आहेत.

पोलिसांची अडचण मला कळते. अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर वाऱ्यासारखी पसरते, रात्री-बेरात्री निर्णय घ्यावा लागतो, उद्या कोणाचा जीव गेला तर जबाब त्यांनाच द्यावा लागतो. नेट कधीच बंद करू नका, असं माझं म्हणणं नाही. पण बंद झालं की फक्त अफवा थांबत नाही. परीक्षेचा फॉर्म थांबतो, कापूस विकलेल्या शेतकऱ्याचं पेमेंट थांबतं, फोन-पेवर चालणारी चहाची टपरी थांबते. आणि "घरचे सुखरूप आहेत" हा निरोपही थांबतो. एवढं सगळं थांबवणारा कागद आपल्यापैकी किती जणांनी डोळ्यांनी पाहिला?

दिल्ली-बंगळुरूची माणसं हे काम करतात, चांगलं करतात. पण ते बहुतेक इंग्रजीत होतं आणि त्यांच्या यादीत अमरावती-अकोला म्हणजे एक ओळ. जुन्या शहरात त्या दिवशी काय झालं, कोणाचं काय अडलं, हे मराठीत नोंदवून त्यांच्यापर्यंत पोहोचवायला इथलाच माणूस लागतो.

त्या पोराला मी खोटी आशा दाखवली नाही. पहिली काही वर्षं पैसा कमी मिळेल. इंग्रजी पक्कं करावं लागेल. गाव सोडून काही काळ दिल्लीला राहावं लागेल. आणि एक धोका सांगितला. याच कामात कंपनीचे पैसे घेऊन तटस्थ लेखक म्हणून लिहिणारेही असतात. कोणाकडून मानधन घेतो ते लेखाखाली लिहायचं. ते लिहायची लाज वाटत असेल तर ते मानधन घ्यायचं नाही.

वडील जाताना म्हणाले, "पोट भरंन का यानं?" मी म्हणालो, "भरेल. पण उशिरा."

आपल्या लॉ कॉलेजांना, पत्रकारिता विभागांना एक विनंती आहे. वर्षातून एक तरी सरकारी मसुदा वर्गात वाचायला घ्या आणि पोरांकडून मराठीत हरकत लिहून मुदतीत पाठवून द्या. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही.

२०२१ किंवा २०२३ मध्ये नेट बंद असताना तुमचं काय अडलं होतं? खाली लिहा. जात-धर्माचा वाद नको, फक्त काय अडलं तेवढंच. तो पोरगा वाचणार आहे. त्याच्या कामाची सुरुवात तुमच्या उत्तरांपासून होऊ द्या.