फुटेज फुकट मिळेल, पण त्यात आपलं गाव कुठाय?

कॅमेरा नको, लोकेशन नको, कलाकारही नकोत. स्टॉक साइटवरचे तयार फोटो आणि क्लिप्स घ्या, मोबाइलवर एडिट करा, व्हॉइसओव्हर द्या आणि शॉर्टफिल्म पाठवा. अशा नियमांची स्पर्धा म्हणजे आपल्यासारख्यांना पर्वणीच. भूम, परंडा नाहीतर लोहाऱ्यात बसलेल्या मुलीला पुण्यातल्या मुलाइतकंच मटेरियल मिळतं. भाड्याच्या कॅमेऱ्याचा खर्च वाचतो आणि खरी चुरस कल्पनेची होते.

‘दुसऱ्याच्या फुटेजवर कसली आलीय फिल्म?’ असं म्हणून नाक मुरडणारे भेटतीलच. त्यांना सांगा, हा प्रकार जवळपास शंभर वर्षं जुना आहे. एस्फिर शुब या सोव्हिएत दिग्दर्शिकेने १९२७ मध्ये झारच्या काळातलंच चित्रीकरण जोडून झारशाहीच्या पतनाची फिल्म केली. आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? पुण्याच्या एफटीआयआयमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांच्या ‘अ नाइट ऑफ नोइंग नथिंग’मध्ये मित्रांनी टिपलेली दृश्यं आहेत, घरगुती आणि जुनं सापडलेलं फुटेजही आहे. या फिल्मला २०२१ मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट माहितीपटाचा ‘गोल्डन आय’ पुरस्कार मिळाला.

तेव्हा फुटेज दुसऱ्याचं आहे, ही अडचण नाहीच. प्रश्न आहे तो या गोदामात काय भरलंय याचा.

समजा, विषय आहे ‘माझा जिल्हा’. सर्चमध्ये ‘इंडियन फार्मर’ टाकून बघा. बैलजोडी, भातखाचरं आणि पगडीवाले हसरे आजोबा हमखास भेटतील. ‘ड्रॉट’ टाका, भेगाळलेली जमीन येईल; ती कुठल्या देशातली, कोण जाणे! धाराशिवचा शेतकरी सोयाबीनच्या भावाकडे डोळे लावून बसलेला असतो. इथला दुष्काळ म्हणजे टँकरची वाट बघणारे हंडे, आणि त्याच तालुक्यात कुठेतरी उभा असलेला ऊस. हे दोन्ही एका फ्रेममध्ये आणणारी क्लिप गोदामात सहसा नसते.

यामागे कट वगैरे काही नाही, साधा धंदा आहे. एकच क्लिप बँकेच्या जाहिरातीला, संस्थेच्या अहवालाला आणि कंपनीच्या प्रेझेंटेशनलाही चालली पाहिजे. म्हणून पाट्या आणि लोगो टाळले जातात, चेहऱ्यांसाठी लेखी संमती घेतली जाते. क्लिप जितकी ‘कुठलीही’ वाटेल, तितकी ती जास्त ठिकाणी खपते. आपला जिल्हा २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. ‘मागास, दुष्काळी’ हा शिक्का तर त्याआधीपासूनच आहे. परक्या भेगांवर आपलं नाव टाकून फिल्म केली, तर तोच शिक्का आपण आपल्या हाताने पुन्हा मारू.

दुसरी मेख परवान्यांची. ‘रॉयल्टी-फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. एकदा परवाना घेतला की प्रत्येक वापराला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये ‘एनडी’ दिसलं, तर बदल करून ती क्लिप पुढे देता येत नाही. ‘एनसी’ असेल तर व्यावसायिक वापर नाही. जुनं म्हणजे मोकळं, हाही गैरसमज आहे. भारतात चित्रपटावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात आपल्या जिल्ह्यातलं सास्तूरही उद्ध्वस्त झालं. त्या वेळी प्रसारित झालेलं चित्रीकरण २०५३ संपेपर्यंत हक्काखालीच राहील. आपल्याच आजीच्या गावाची गोष्ट सांगायची, तर परवानगी दुसऱ्याकडे मागावी लागणार!

मग करायचं काय? स्पर्धा घेणाऱ्या कॉलेजांनी नियमात एक ओळ वाढवावी: फिल्ममध्ये वापरा तयारच फुटेज, पण प्रवेशिकेसोबत प्रत्येकाने आपल्या तालुक्याच्या पाच क्लिप्स खुल्या परवान्याने विकिमीडिया कॉमन्सवर टाकाव्यात. पावसाळ्यात भरून वाहणारा नळदुर्गचा पाणी महाल, तेरचं त्रिविक्रम मंदिर, आठवडी बाजारातल्या उस्मानाबादी शेळ्या, एसटी स्टँडवरची सकाळची गर्दी. चेहरे दिसत असतील तर आधी विचारा, संरक्षित वास्तूत शूटिंगचे नियम माहीत करून घ्या. क्लिपला गाव, तालुका आणि तारीख मात्र नक्की लिहा, कारण शोधणाऱ्याला ती त्यावरूनच सापडणार आहे.

आठ तालुक्यांतली पाच-पाच पोरं जरी कामाला लागली, तरी दोनशे क्लिप्स होतात. पुढच्या वर्षीच्या स्पर्धकाला तेवढी सुरुवात पुरेशी आहे. आणि उद्या मुंबई-दिल्लीत बसून कुणी धाराशिववर फिल्म करायला घेतली, तर त्याच्या टाइमलाइनवर भेगाळलेल्या जमिनीऐवजी आपण टिपलेलं गाव असेल.