आधी तेल बघा

लिफ्ट कल्टिव्हेटर उचलेना म्हटलं, की गॅरेजवाला सांगणार, “पंप गेला, नवा टाका.” अरे, आधी तेल तर बघ! आमच्या जुन्या मॅसी १०३५चा पंप गिअरच्याच तेलात बुडालेला असतो. पनवेलकडची भातशेती, चिखलणीत एक्सलचं सील झिजलं, पाणी आत शिरलं. तेल ताकासारखं पांढरं, जाळी तुंबलेली. लिफ्ट बसली, गिअरही कुरकुरायला लागले. दुखणी दोन, कारण एकच. तेल बदललं, जाळी डिझेलने धुतली, नवं सील घातलं. त्याच पंपावर लावणी उरकली.

विमानतळ आला म्हणून आमच्याकडे जुनं ते सगळं भंगारात काढायची घाई झालीय. आज ट्रॅक्टर, उद्या त्याच हिशेबाने जमीन. न उघडता निदान करणाऱ्याच्या हाती मी दोन्ही देणार नाही.